सोडायचीच नाहीये

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे. पाण्याची नाही हो, रायफलची! कारखान्यात माझ्या पोटात वळणदार खाचा कोरल्या, तेव्हा मला फार गुदगुल्या झाल्या होत्या. त्या खाचांमुळेच गोळी फिरत फिरत सरळ जाते. त्याचा मला अजूनही अभिमान आहे.

अमेरिकेत, मोंटानाच्या डोंगरात व्हर्जिल आणि त्याची बायको ट्रूडी राहत. व्हर्जिलने मला घरीच, गॅरेजमध्ये, आपल्या रायफलला बसवले. माझ्या बुडाचे आटे रायफलच्या धडात पक्के फिरले, तरी गड्याचे समाधान होईना. पान्याला लांब पाइप जोडून तो त्यावर चक्क लोंबकळला.

"अरे, किती आवळशील? सोडवायला ट्रॅक्टर लावावा लागेल," ट्रूडी हसत म्हणाली.

"सोडायचीच नाहीये," व्हर्जिल म्हणाला.

पुढे दर वर्षी पाने पिवळी झाली की दोघे मला घेऊन डोंगरात जात. एक एल्क हरिण मिळाले की हिवाळाभराच्या मांसाची सोय होई. नेम चांगला लागला की व्हर्जिल मला थोपटायचा. घरी आल्यावर तेलाच्या फडक्याने पुसायचा. किती लाड झाले माझे!

मग व्हर्जिल वारला. ट्रूडी एकटीच शिकारीला जाऊ लागली. तोवर गोळ्यांच्या आगीने माझ्या आतल्या खाचा झिजत चालल्या होत्या, पण मी कोणाला सांगणार? एकदा गोळी भरकटली आणि हरणाच्या पोटात लागली. ट्रूडी रक्ताच्या डागांमागे दिवसभर चालली. हरीण सापडले तेव्हा जिवंत होते, तिच्याकडे बघत होते. त्या दिवशी घरी येऊन तिने मला नेहमीसारखे पुसले आणि मग ती खूप रडली. मलाही फार अपराधी वाटले.

उन्हाळ्यात नवी नळी घरी आली. व्हर्जिलची बहीण नेल्डा मदतीला आली. मी घसरू नये म्हणून लाकडी ठोकळ्यांना राळ लावून त्यांनी मला शिकंज्यात धरले. ट्रूडीने रायफलच्या धडाला पाना लावून ओढला. मी ढिम्म! आट्यांत तेल सोडले, हातोडीने हलकेच ठोकले. तरी ढिम्म.

"राहू दे ना गं," नेल्डा म्हणाली. "माझ्या भावाच्या हातची खूण आहे ती. तोच सोडत नसेल."

"तुझा भाऊ जन्मभर हट्टी होता. आता तरी ऐकेल की नाही?"

"आमच्या घराण्यात ऐकायची पद्धत नाही, वहिनीबाई!"

ट्रूडी हसली. तिने तोच जुना पाइप पान्याला जोडला. मग माझ्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "सोड रे व्हर्जिल. जनावराचे हाल होतात."

मित्रांनो, त्याचा जोर अजून माझ्या आट्यांत होता. खरे सांगते, मलाही सोडवत नव्हते. पण दोघींनी मिळून पाइप ओढला आणि मी कडकन सुटले. नेल्डाने नाक पुसले आणि ती कॉफी करायला गेली.

कॉफीनंतर नवी नळी बसली.

"लाव अजून थोडा जोर!" नेल्डा म्हणाली.

"नको, पुरे. उद्या हिलाही कुणीतरी सोडवायला बसेल. त्याने मला शिव्या घालायला नकोत."

मग ट्रूडीने काडतुसाच्या आकाराची दोन लोखंडी मापे एकेक करून आत घातली. नेमक्या मापावर रायफलचा बोल्ट मिटला, किंचित लांब मापावर मिटला नाही. म्हणजे सगळे नीट जमले होते.

मित्रांनो, तुमच्या घरातही लाडकी, झिजलेली एखादी वस्तू असेल. तिला जपा. पण तिच्यापायी कुणाला इजा होऊ लागली, तर तिला वेळेवर निवृत्त करा. तिला वाईट वाटेल, पण ती समजून घेईल.

आता मी अंगणात टोमॅटोच्या वाफ्यात उभी आहे. ट्रूडीने व्हर्जिलच्या जुन्या शर्टाची चिंधी काढून एक रोप मला बांधले आहे. गाठ मात्र तिने सैल ठेवली आहे, कारण रोपाला अजून वाढायचे आहे.