वाक्यातला म्हातारा

लिलियन आंटींनी चहाचा कप सलिलच्या पुढ्यातून उचलला आणि खिडकीत नेऊन ठेवला.

"आधी वाक्य. मग चहा."

सलिलने घसा साफ केला. आजचा शब्द होता 'लिंगर', म्हणजे रेंगाळणं. कुठल्याशा जुन्या कादंबरीतलं वाक्य त्याने इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखवलं : घोडागाडी वळणाआड दिसेनाशी झाली, तरी म्हातारा किती तरी वेळ फाटकापाशी रेंगाळला.

"छान. आता तुझं."

"माझी गाडी वळणाआड दिसेनाशी झाली, तरी माझे वडील किती तरी वेळ फाटकापाशी रेंगाळले."

आंटींनी कप परत दिला.

वसईच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून त्या इथे परदेशात, मॉसन लेक्सला, मुलीकडे राहायला आल्या होत्या, आणि येताना जुन्या कादंबऱ्यांची एक ट्रंक घेऊन आल्या होत्या. शब्द एकटा शिकायचा नाही, त्याच्या घरच्यांसकट शिकायचा, असं त्यांचं म्हणणं. म्हणून शब्द सांगितला की त्या कादंबरीतलं वाक्य काढत. ते पाठ झालं की त्यातल्या माणसाला उठवायचं आणि तिथे आपला माणूस बसवायचा. नाहीतर वाक्य परक्याचंच राहतं, म्हणायच्या. युनिव्हर्सिटीतली चार-पाच मराठी मुलं दर शनिवारी त्यांच्याकडे यायची. सगळ्यांना एकच घोर होता. त्या वर्षी हजारो पोरं कोर्स संपवून इथेच राहायला अर्ज करत होती, आणि अर्जासाठी इंग्रजीच्या परीक्षेत सात गुण लागत. सलिल बोलण्याच्या परीक्षेत दोनदा साडेसहावर अडकला होता. तिसऱ्यांदा अडकला तर बाडबिस्तरा आवरून कराडला परत.

आंटींच्या वाक्यांनी त्याचं इंग्रजी सुधारलं, पण ते दीडशे वर्षं मागे जाऊन सुधारलं. बेकरीत ट्रे घासता घासता मालक ग्लेनने "कसा आहेस, मेट?" विचारलं, तर हा म्हणाला, मी आज विषण्ण आहे. ग्लेनला तो पोटाचा काही आजार वाटला आणि त्याने सलिलला घरी पाठवून दिलं. दुकानातली, बसमधली माणसं बोलत ती भाषा एक, कादंबऱ्यांतली दुसरी, आणि सलिल बोलत होता ती कुठली, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

तरी वडिलांचं वाक्य त्याला आवडलं होतं. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना तो ते पुटपुटे. खोलीत सोबत राहणारा चंद्रहास पुण्याचा. त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

"अरे, बसव आता तुझ्या बाबांना," तो म्हणाला. "उभं राहून पाय दुखले असतील त्यांचे."

सलिल हसला, पण मनातून चरकला. बाबांना त्याचं इथे येणं मुळीच पसंत नव्हतं. निघायच्या आधी आठवडाभर त्यांनी अबोला धरला होता. आईने हातावर दही ठेवलं, आणि निघालेल्या माणसाने मागे वळून बघू नये, असं बजावलं. बाबा व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. पाया पडला तेव्हा "नीट जा" एवढंच म्हणाले. मग तो गाडीत बसला आणि गाडी निघाली. पुढचं त्याला अगदी स्वच्छ दिसायचं : पांढरा लेंगा, फाटकाच्या गजावर हात, लहान लहान होत गेलेले बाबा. हे त्याने इतक्या वेळा म्हटलं होतं की आता ते त्याला आठवत होतं.

परीक्षा घेणारी बाई हसरी होती, नाकावर वांगाचे ठिपके. तिने कार्ड पुढे सरकवलं. विषय होता, तुम्ही कोणाचा तरी निरोप घेतला तो प्रसंग. सलिलला वाटलं, देव पावला. त्याने दही सांगितलं, व्हरांडा सांगितला, आणि शेवटी ते वाक्य असं सांगितलं की बाईने पेन्सिल खाली ठेवली.

"फार सुंदर," ती म्हणाली. "तुम्ही मागे वळून पाहिलंत तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

"मी मागे पाहिलं नाही. आमच्यात निघताना मागे वळून बघत नाहीत."

"असं?" तिला खरंच कुतूहल वाटलं होतं. "मग ते तिथे उभे होते, हे तुम्हाला कसं कळलं?"

सलिलने तोंड उघडलं. एवढे शब्द पाठ केले होते, त्यातला एक कामाला येईना. त्याने पुन्हा ते फाटक डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. फाटक आलं, पण त्याच्यापाशी कोणी घोडागाडीच्या काळातला परका म्हातारा उभा होता, डोक्यावर उंच टोपी घालून. बाई वाट बघत होती. मग तिने हळूच पुढचा प्रश्न विचारला, त्याचं त्याने काहीतरी उत्तर दिलं, आणि परीक्षा संपली.

बाहेर ऊन रणरणत होतं. सात गुण गेले की राहिले, याचा विचार करायला हवा होता, पण डोक्यात भलताच भुंगा शिरला होता. परीक्षेत आपण खरं सांगितलं की खोटं? इंडियन दुकानातून घेतलेलं फोनकार्ड त्याने खिशातून काढलं, बसस्टॉपच्या बाकावर बसून त्यावरचा लांबलचक नंबर दाबला आणि मग घरचा. फोन बाबांनीच उचलला.

"आई गिरणीत गेलीय. तासाभराने कर."

"तुमच्याशीच बोलायचंय."

"पैसे हवेत का?"

"नाही. बाबा, मी निघालो त्या दिवशी, गाडी सुटल्यावर तुम्ही कुठे होता?"

"कुठे म्हणजे? घरीच की."

"फाटकापाशी आला होता का?"

"छे! मी कशाला येतोय? व्हरांड्यात होतो. पेपर वाचायचा राहिला होता."

झालं. सलिलने डोळे मिटले. चंद्रहासला सांगायला हवं की बाबा पहिल्यापासून बसलेलेच होते, त्यांचे पाय दुखायचा प्रश्नच नव्हता. त्याला रडू येईल असं वाटलं, आणि त्याचा रागही आला. आता बोलायचं तरी काय? लहानपणापासून बाबांची ज्या एका गोष्टीवरून बोलणी खाल्ली होती, तीच तोंडात आली.

"मग फाटक कोणी लावलं?"

सलिलला लगेच वाटलं, उगाच विचारलं. फाटक हा बाबांचा जीव की प्राण. ते कोणी मिनिटभर उघडं टाकलं तरी घर डोक्यावर घेत, कारण रस्त्यावरच्या गाई टपलेल्याच असत आणि आत बाबांनी हाताने लावलेली जास्वंद होती.

"लावलं नव्हतं," बाबा म्हणाले.

"उघडं होतं?"

"हं."

"अहो, मग गाई?"

"शिरल्या की. दोन होत्या. जास्वंद खाल्ली, तगर खाल्ली. कुंडी फोडली एक."

"तुम्ही समोरच बसला होता ना?"

बाबांच्या मागे कोणाच्या तरी घरी कुकरची शिटी झाली. सलिलला वाटलं, फोन कट झाला.

"बाबा?"

"तू कुठेही निघालास की काहीतरी विसरतोस," बाबा खेकसले. "शाळेत डबा विसरायचास. कॉलेजच्या सहलीला निघालास तेव्हा तिकीटच विसरलास, नाक्यावरून परत आलास. म्हटलं, येईल पाच मिनिटांत. कशाला लावायचं? गाडीला आत यायला नको का?"

रस्त्यावरून बस आली, थांबली. ड्रायव्हरने सलिलकडे पाहिलं. सलिलने मान हलवली, तशी बस निघून गेली.

"मग किती वेळ?" त्याने विचारलं.

"संध्याकाळी तुझ्या आईने लावलं."

बाबा फोनवर कधी दोन मिनिटांच्या वर टिकत नसत. आईला देतो, म्हणत आणि मोकळे होत.

"बरं, ठेवतो मग," बाबा म्हणाले.

"हो, ठेवा."

सलिलने फोन कानाला तसाच धरून ठेवला. पलीकडूनही फोन ठेवल्याचा आवाज आला नाही.