घणाचा दांडा

नात झाली आणि तिचं नाव संस्कृती ठेवलं, त्या सालची ही गोष्ट. बारशाला पाळण्याची दोरी ओढायला आजी म्हणून दगडाबाईला पुढं केलं. तिनं उजवा हात उचलला आणि तो खांद्याशी येऊन अडला. बायका पाळणा म्हणण्यात गुंग होत्या, कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिनं पदर सावरल्यासारखं केलं आणि डाव्या हातानं दोरी ओढली. दारात उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्यानं, सहादेवानं, ते पाहिलं. पण दसरा दोन महिन्यांवर आला होता. पाहिलेलं सगळं बोलून दाखवायचं म्हटलं तर लोहाराचा संसार चालायचा नाही.

सहादेवाचं दुकान जामखेडच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला लिंबाखाली. वर पत्रा, खाली ऐरण आणि कोळशाची भट्टी. भाता जाऊन विजेचा पंखा आला होता, एवढाच काय तो फरक. दसरा झाला की त्या भागातली निम्मी माणसं ऊस तोडायला जातात. जाण्याआधी कोयता सहादेवाच्या हाताखालून गेला पाहिजे, ही तिथली जुनी रीत. तो तापलेलं लोखंड सांडशीत धरून हातोडीनं जागा दाखवायचा, आणि समोर उभी राहून दगडाबाई त्या जागेवर घण घालायची. बेचाळीस वर्षं असं चाललं होतं.

घट बसून तीन दिवस झाले होते, तेव्हा छबूबाई आली. ऊसतोडीला जाणारी, पन्नाशीला टेकलेली, बारीक अंगाची बाई. तिनं कोयता सहादेवापुढं टाकला.

"मामा, ह्यो माझा हात खायलाय बगा. गेल्या साली फडातनं आले तर मनगट भाकरीवानी फुगलं हुतं."

"कुठनं आनला?"

"हार्डवेअरच्या दुकानातनं. नवाच हाय की. धार तर अशी हाय, केस कापून पडंल."

"केस कापायला चाललीस का ऊस?" म्हणत सहादेवानं कोयता उचलला आणि पातं मुठीत शिरतं तिथं खाली आपलं एक बोट धरलं. कोयत्यानं क्षणभरही दम काढला नाही. तोंड खाली करून तो सरळ कोसळला.

"बग. हा तुझा न्हाईच. गड्याच्या हाताचा हाय."

"कोयत्यात बी गडी-बाई असतं व्हय?"

"असतं तर. गडी खाली वाकून बुडखा तोडतो. त्याला तोंडाला जड लागतो, म्हंजी एका घावात ऊस आडवा. तू काय करतीस? पाचट सोलतीस, शेंड्याचं वाढं छाटतीस. दर घावाला हे पडलेलं तोंड मनगटानं वर धरायचं. दिसातनं दोन-तीन हजार बार. मनगट फुगंल न्हाई तर काय हुईल? धार ऊस कापती, पन हात तोलावर चालतो, बाई."

त्यानं तिला हात सैल सोडून उभं राहायला लावलं. कोपरापासून मनगटापर्यंत वितीनं मोजलं. मग डोळे मिटायला सांगून एकामागून एक तीन जुने कोयते तिच्या हातात दिले. दुसऱ्याला छबूबाईचा खांदा आपोआप खाली आला. सहादेव तेवढंच बघत होता. माणूस तोंडानं काहीही सांगतं, खांदा खरं सांगतो, असं त्याचं म्हणणं होतं.

मूठ काढून पातं भट्टीत घातलं. टोकाकडची जाड पाठ ताणून पातळ करायची होती. लाल झालेलं पातं ऐरणीवर आलं. त्यानं हातोडी टेकवली, दगडाबाईनं घण घातला. एक, दोन, तीन. सातव्या घावाला घण तिरपा पडला आणि ऐरणीच्या कडेला लागून ठणकला.

"थांबा वाईच," ती म्हणाली.

"मामी, दमला व्हय?" छबूबाईनं विचारलं.

"मी कशाला दमती? ह्यांच्या हातोडीला इसावा दिला. म्हातारी झालीया बिचारी."

छबूबाई हसली. "मामा, साऱ्या जामखेडच्या हाताचा तोल बगता, मामीच्या घणाचा कवा बगितला का?"

"घणाला कसला आलाय तोल? घण म्हंजी नुसतं वजन. वर न्यायचं आन खाली सोडायचं."

"खाली सोडायला काय लागतंय? त्ये आपल्या आपुन येतंय," दगडाबाई म्हणाली. "वर न्यायचं तुमी कवा नेलंय?"

पातं काळं पडायला लागलं होतं. सहादेवानं ते परत भट्टीत सारलं.

तास-दीड तासानं कोयता झाला. मुठीला त्यानं एक लोखंडी कडं चढवलं होतं. बोटावर धरला तेव्हा तो मुठीच्या एक बोट पुढं तोलून राहिला, जरासा डुलला आणि थांबला.

"अजून मागं घ्या की," छबूबाई म्हणाली.

"अजून मागं घेतला तर घाव बसायचा न्हाई. नुसत्या गुदगुल्या हुतील उसाला."

ती गेल्यावर दगडाबाई ऐरणीशेजारच्या दगडावर बसली. उजवा हात तिनं डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला, दुसऱ्याचं मूल घ्यावं तसा. जामखेडच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या, वर घण बंद करायला सांगितला होता. तेही तिनं हसत हसत सांगितलं होतं.

"बावीस ऱ्हायलेत," सहादेव म्हणाला. "देऊ का माघारी? सांगतो, हुईना म्हून."

"माघारी दिऊन लोकं काय करतील? तोच दुकानातला घेऊन जातील आन हात मोडून येतील. चार दीस हायेत. हुतंय."

"तुजा हात?"

"त्यो कुटं जातोय? हितंच हाय."

घण मारायला माणूस शोधला नाही असं नाही. पण आता घण कोण मारतो? दोन दिवसांसाठी एकजण आला, अर्ध्या दिवसात तळहाताला फोड घेऊन गेला. बावीसच्या बावीस कोयते दगडाबाईनंच काढले. शेवटच्या दिवशी ती दर पाच घावांना थांबत होती, आणि सहादेव लोखंड तापायचं निमित्त काढून मुद्दाम उशीर लावत होता. दोघांनाही ते कळत होतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, दुपार कलताना, एका कोयत्याला पाणी द्यायचं, म्हणजे तापवून पाण्यात बुडवायचं, तेवढं राहिलं. दगडाबाई सारवायला घरी गेली. पूजेसाठी हत्यारं धुवून ठेवावीत म्हणून सहादेवानं घण हातात घेतला, आणि पहिल्यांदा त्याचा दांडा पाहिला.

दांडा त्याच्या बापाच्या वेळचा. बाप सहा फुटी, आडवा गडी. दगडाबाई त्याच्या खांद्याला सुद्धा लागली नसती. दांड्याच्या वरच्या अर्ध्या भागात, लोखंडाच्या जवळ, दोन खोलगट खळगे पडले होते. तिथं तिचे तळवे बसत होते. लाकूड तिथं काचेसारखं गुळगुळीत आणि काळं झालं होतं. खालचा अर्धा दांडा मात्र कोरा. त्याला कधी हातच लागला नव्हता. तो नुसता मागं निघालेला. प्रत्येक घावाला तो तिच्या बरगडीला लागत असणार, आणि तो चुकवायला ती खांदा बाहेर काढून मारत असणार. बेचाळीस वर्षं सहादेव तिच्या समोर उभा होता. पण त्याची नजर लाल लोखंडावर असायची, तिच्या हातावर कधी नव्हती.

माळ्यावर बाभळीचं एक वाळलेलं लाकूड होतं. ते काढून तो बसला. दगडाबाईच्या हाताचं माप त्याला घ्यावं लागलं नाही, ते त्या खळग्यांत होतंच. नवा दांडा त्यानं दीड वीत आखूड केला, मुठीजवळ बारीक, मधे जरा भरलेला. घणात बसवून बोटावर धरून बघितला, पुन्हा तासला, पुन्हा धरला. दिवस मावळायच्या आत दांडा झाला. मग राहिलेल्या कोयत्याला पाणी द्यायला भट्टी पेटवायची होती. जुना दांडा लोहार भट्टीत घालतो, तशी रीतच आहे. त्यानं तो मोडून आत सारला. चांगलं, मुरलेलं लाकूड. त्यानं लगेच पेट घेतला.

दुसऱ्या दिवशी पाटावर ऐरण, हातोडी, सांडशी, कानस मांडली. घण मधोमध. दगडाबाई कुंकवाचं ताट घेऊन आली आणि थबकली.

"ह्यो कुणाचा घण?"

"तुजाच."

ती खाली बसली. दांड्यावरून बोटं फिरवली, कुठं बारीक आहे, कुठं भरलाय ते चाचपलं.

"बेचाळीस सालानं ध्यानात आलं व्हय?"

"उचलून तर बग."

"आज? खंडेनवमीला हत्याराला काम सांगत न्हाईत. दसरा हू द्या." मग म्हणाली, "जुना कुटंय?"

"भट्टीत घातला."

ओल्या कुंकवात पाच बोटं बुडवून तिनं नव्या दांड्यावर ठसा उमटवला. हात खालीच होता, त्यामुळं दुखला नसावा.

दसरा झाला. टोळ्यांचे ट्रक, ट्रॅक्टर निघून गेले. गाव रिकामं पडलं, दुकानात काम उरलं नाही. घण कोपऱ्यात उभा होता. दगडाबाई म्हणाली, पहिलं लोखंड येऊ द्या, मग बघू.

पंधरा-वीस दिवसांनी छबूबाईचा फोन आला. मागं फडातला कालवा ऐकू येत होता.

"मामा, मनगट न्हाई दुखत बगा! एकदम फुलावानी चालतोय कोयता. मामीस्नी सांगा."

सहादेव दुकानात एकटाच होता. त्यानं कोपऱ्यात बघितलं. दांड्यावर कुंकू सुकून तडकलं होतं, दोन बोटांचे ठसे गळून गेले होते, तीन राहिले होते. बाकी लाकूड पांढरं, सरळ, कुठंही खळगा नसलेलं.

"सांगतो," तो म्हणाला.

दगडाबाई त्या फोनच्या आधीच, कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, अंगणात गहू निवडता निवडता वारली होती. नात तेव्हा अडीच महिन्यांची होती.