समुद्राकडच्या खोलीखालची वाळू

टक्! भर दुपारी, सगळं घर चिडीचूप असताना, न्हाणीघराची फरशी तडकली. "मांजर असेल," म्हणत आजोबांनी कूस बदलली. मांजर नव्हतं, मित्रांनो. घर खचत होतं, आणि खाली मी होते.

मी एक जुनी, फार जुनी वाळू आहे. समुद्राकाठच्या कड्यात माझा पिवळट थर दिसतो. शास्त्रज्ञ ज्याला इओसीन म्हणतात, त्या कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या काळात इथे उथळ, कोमट समुद्र होता. नद्या डोंगर झिजवून माझे कण आणायच्या आणि लाटा ते धान्यासारखे पाखडायच्या. गाळ वाहून जाई, एकसारखे कण मागे उरत. माझ्या कुशीत शिंपले निजले, शार्कचे दात रुतले. माझ्याखाली चिकणमाती होती, माझ्याही आधीची, खोल पाण्यात साचलेली. पुढे समुद्र हटला, जमीन उचलली गेली आणि मी वर आले. घट्ट खडक होणं मात्र माझ्या नशिबी नव्हतं. माझ्या कणांतल्या फटींतून पाणी झरझर उतरतं. चिकणमाती थेंबालाही वाट देत नाही.

आजोबांनी कड्यावर घर बांधलं आणि सांडपाण्यासाठी अंगणात खड्डा खणला. बादली ओतली की पाणी गडप! "काय वाळू आहे! कितीही ओता, तक्रार नाही," असं म्हणत ते पाहुण्यांना बाग दाखवावी तसा तो खड्डा दाखवत. मग कपडे धुण्याचं यंत्र आलं, दुसरं न्हाणीघर आलं. सगळं माझ्याच पोटात. खोटं कशाला बोलू, त्या कौतुकाने मी सुखावले होते.

जिरलेलं पाणी जातं कुठे, हे कुणी विचारलं नाही. ते चिकणमातीवर साचायचं आणि तिच्यावरून सरकत कड्याबाहेर पाझरायचं. जाताना माझे कण घेऊन जायचं. रोज थोडे थोडे, घराच्या खालून.

फरशी तडकल्यावर आजोबांच्या छोट्या नातीची, ठकीची, मावशी आली. ती खडकांचा अभ्यास करते. ठकीला घेऊन ती कड्याखाली फिरली. ठकी शिंपले वेचत होती. मावशी मात्र माझ्या पायाशी झिरपणारी ओल बघत उभी राहिली. घरी येऊन म्हणाली, "ताई, समुद्राकडच्या खोलीखाली पोकळी झालीय. आता पाणी बंद केलं तरी भरवसा नाही. कडा कधीही बसेल."

"शिकलीस ते आमचं घर पाडायला का गं?" आजोबा हसले. बाकी कुणी हसलं नाही. त्याच संध्याकाळी आईने ठकीचा पलंग तिथून पुढच्या खोलीत ओढला.

बाबा म्हणाले, "विकून मोकळे होऊ. उगाच गवगवा नको."

"आणि घेणाऱ्यांचं काय?" आईने विचारलं.

"त्यांना डोळे आहेत ना?"

मग त्या डोळ्यांसाठी भेगा बुजवल्या, भिंती रंगवल्या, फरशी बदलली. "वाळूच दगाबाज निघाली," आजोबा म्हणाले. मित्रांनो, मी कुणाला वचन दिलं होतं?

एक तरुण जोडपं घर बघायला आलं. बाईच्या खांद्यावर बाळ झोपलं होतं. तिच्या नवऱ्याने विचारलं, "अंगणात पाणी तुंबत नाही ना?"

"तुंबायचं नाव नको!" आजोबा म्हणाले. "ओतून तर बघा!"

त्याने बादली ओतली. पाणी गडप झालं. तो खूश झाला.

मित्रांनो, घर बांधण्याआधी पायाखाली काय आहे ते विचारत जा. पाणी दिसेनासं झालं म्हणजे संपलं, असं समजू नका. आणि आपल्याला कळलेलं दुसऱ्याला सांगत जा. मला तोंड असतं, तर मी तेव्हाच ओरडले असते. आईला तोंड होतं. ती बाबांकडे बघत राहिली.

बाई समुद्राकडच्या खोलीत गेली, खिडकी उघडली आणि म्हणाली, "किती छान वारा! ही बाळाची खोली."

जोडपं गेलं. फाटकाला कडी लावून आई वळली, तर ठकी मागेच उभी.

"आई, मला तू त्या खोलीत झोपू देत नाहीस ना? मग त्या बाळाला कसं चालतं?"