इंजिनाचा पाय उचलणारा

मित्रांनो, बोटीच्या पाठीला लटकलेलं इंजिन तुम्ही कुठेतरी पाहिलं असेल. पाहिल्यावर तुम्ही त्याच्या आवाजाचं कौतुक केलं असेल, पंख्याचंही केलं असेल. त्याच्यामागे दडून बसलेल्या माझ्याकडे मात्र तुमची नजर गेली नसणार, त्याबद्दल माझा राग नाही. मी एक जुना हायड्रॉलिक जॅक आहे. कागदोपत्री मला 'टिल्ट-ट्रिम' म्हणतात. एक छोटी मोटर, एक छोटा पंप, तेलाची टाकी आणि एक चकचकीत दांडा, एवढाच माझा संसार. बटण दाबलं की मी साठ घोड्यांच्या इंजिनाचा पंखा लावलेला पाय पाण्यातून वर उचलतो, आणि दुसरं दाबलं की खाली सोडतो. आयुष्यात याहून मोठं काही केलेलं नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या आठवणी नाहीत, कारण तिथे कुणी माझ्याशी बोललं नाही. माझं खरं आयुष्य दूर दक्षिण समुद्रातल्या हापाई बेटांवर सुरू झालं, उआइसेले नावाच्या माणसाच्या बोटीवर. आमच्या बेटाभोवती प्रवाळाचा खडक आहे. भरतीला त्यावरून कुणीही जातं. ओहोटी लागली की इंजिनाचा पाय अर्धा उचलून, हळूहळू, पोट खरवडू न देता जावं लागतं. म्हणजे पलीकडच्या बेटावरच्या पंगाई गावाच्या धक्क्याला कोण वेळेवर पोहोचणार, हे ओहोटीच्या वेळी मी ठरवत असे. एवढी सत्ता मिळूनही माझी चाल बिघडली नाही, हे नम्रपणे नमूद करतो.

उआइसेले दर शनिवारी मला गोड्या पाण्याने धुवायचा. आमच्या बेटावर गोडं पाणी म्हणजे टाकीत साठलेलं पावसाचं पाणी. त्याची बायको लूपे किनाऱ्यावर उभी राहून म्हणायची, "मला अंघोळीला अर्धी बादली, आणि याला पूर्ण. इंजिनाशीच लग्न करायचं होतंस, निदान जेवणावळ तरी वाचली असती." तो हसायचा आणि दांड्यावर चिकटलेले शिंपले बोटाच्या नखाने काढायचा. लोखंडाने कधी नाही. इंजिन पूर्ण वर करून, अडणी लावून, मगच तो माझ्या टाकीचं झाकण उघडायचा, तेल काठोकाठ आहे का पाहायचा, आणि मला दोन-चारदा वर-खाली करून पोटातली हवा काढायचा. हे सगळं तो लूपेलाही दाखवायचा. ती जांभई देत पाहायची.

मग तो न्यूझीलंडला गेला, सफरचंदं तोडायला. सात महिन्यांसाठी. परत आला, चार महिने राहिला, पुन्हा गेला. असे तीन हंगाम झाले. आमच्याकडची निम्मी घरं अशीच सफरचंदांच्या झाडांवर टांगलेली आहेत.

बोट लूपेच्या धाकट्या भावाकडे आली. हेनेली मनाचा चांगला माणूस, चर्चमध्ये प्रवचनही देतो. रविवारी आमच्या देशात कुणी काम करत नाही. बटण दाबणं हे काम आहे की नाही, यावर हेनेलीने बराच विचार केला आणि धोका नको म्हणून शनिवारी मला ज्या अवस्थेत सोडलं, त्याच अवस्थेत सोमवारपर्यंत ठेवलं. यंदा चर्चची परिषद आली तेव्हा मी आठवडाभर दांडा बाहेर काढून खाऱ्या पाण्यात उभा होतो. शिंपल्यांनी त्यावर घरं केली. मी खाली आलो तेव्हा त्यांच्या धारेने माझं तेल अडवणारं रबरी सील कापलं, आणि तेल गळू लागलं.

इथे खरी गडबड झाली. आमच्याकडे बहिणीचा मान भावापेक्षा मोठा. तिच्यापुढे भाऊ वाकडं बोलत नाही, तिच्या शेजारी बसत नाही, तिला नकार देत नाही. तिच्या नवऱ्याचं यंत्र आपण बिघडवलं, हे तिला सांगायचं तर जिवावर येतं. तेव्हा हेनेलीने सांगितलं नाही. तेल कमी झालं की तो लूपेच्या मांडणीवरून बाटली घ्यायचा आणि माझ्यात थोडं ओतायचा. फुलं घालून मुरवलेलं खोबरेल होतं ते, तिने नवऱ्यासाठी करून ठेवलेलं. बाटली उतरताना पाहून लूपेला वाटलं, भाऊ ते केसांना लावतोय, त्याचं कुठेतरी जमतंय. ती खुश होती. मी मात्र दर आठवड्याला थोडा सुगंधी होत होतो आणि थोडा निकामी.

जुलैत लूपेचं नाव न्यूझीलंडला कामाला जाणाऱ्यांच्या यादीत लागलं. तिलाही त्याच बागांत जायचं होतं, नवऱ्याजवळ. सोमवारी दुपारी पंगाईहून राजधानी नुकुअलोफाची बोट, दुसऱ्या दिवशी तिथे डॉक्टरी तपासणी. चुकली तर जागा यादीतल्या पुढच्या नावाला. तिला तीन हंगाम एकटीने काढल्यावर चौथा नको होता.

सोमवारी पहाटे दक्षिणेचा गार वारा सुटला. ओहोटी लागली होती. सामान चढलं, खडक जवळ आला, हेनेलीने बटण दाबलं. मी घुरघुरलो, पण पाय उचलला नाही. त्याने पुन्हा दाबलं. बहीण समोर असल्याने तो शिव्याही देऊ शकत नव्हता. नुसताच लाल होत होता.

लूपे मागे येऊन माझ्यावर वाकली. वास घेतला.

"हेनेली, यात माझं तेल आहे?"

"थोडंच, ताई."

"किती थोडं?"

"बाटली तुमची आहे. तुम्हाला ठाऊक असेल."

तिने मान वळवून खडकाकडे पाहिलं. खडकावरचं पाणी उतरत होतं. "अरे, मला एक शब्द बोलायचास."

"तुम्हाला कसं सांगणार? तुम्ही ताई आहात."

"म्हणजे मला इथेच अडकवणार, पण मान राखून."

गारठ्यात खोबरेल थिजतं, हे केस विंचरणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. तिने प्रवासासाठी घेतलेला चहाचा थर्मास उघडला, टॉवेल माझ्याभोवती गुंडाळला आणि लिंबाच्या पानांचा सगळा कढत चहा माझ्या टाकीवर ओतला, सावकाश. मग दोन्ही तळहात टॉवेलवर दाबून बसली. इतक्या वर्षांत ती मला पहिल्यांदाच हात लावत होती.

माझ्या टाकीतलं थिजलेलं तेल सैल झालं. खरं सांगतो मित्रांनो, क्षणभर मला थिजलेलंच राहावंसं वाटलं. ही गेली की या बेटावर मला नीट ओळखणारं कुणी उरत नव्हतं. पण तिने स्वतः बटण दाबलं, आणि मी उचलला. कण्हत, गळत, पण खडकापुरता उचलला.

पंगाईला ती दुपारच्या बोटीत चढली. चढण्याआधी तिने हेनेलीला कुठलं तेल, कुठलं सील, झाकण कधी उघडायचं, सगळं दोनदा म्हणवून घेतलं. माझ्याकडे पाहिलं नाही. तिची नजर दक्षिणेला, न्यूझीलंडच्या दिशेला होती, आणि ती तिथेच असायला हवी होती.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं यंत्र किंवा माणूस मुकाट राबत असेल, तर त्याचा फक्त मान राखू नका. त्याला वेळेवर धुवा, पुसा, आणि काही बिघडवलंत तर ज्याला सांगायला हवं त्याला सांगा. आता लूपे आणि उआइसेले एकाच झाडाच्या दोन बाजूंनी सफरचंदं तोडत असतील. मी रविवार सोडून दररोज खडकावर पाय उचलतो, माणसं पलीकडे जातात. उचलणं मला येतं. मागोमाग जाणं मात्र मला कुणी शिकवलं नाही.