दाराबाहेरची घंटा

जालन्याच्या एमआयडीसीतल्या त्या बियाण्यांच्या शीतगृहात जायचं म्हटलं की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. काम तसं किरकोळ. कॉम्प्रेसरच्या खोलीत भिंतीवर एक डबा आहे. थंडाव्यासाठी वापरतात तो विषारी अमोनिया गळला की तो हुंगतो आणि दाराबाहेरची घंटा वाजवतो. दर महिन्याला मी त्याच्या जाळीदार तोंडाला टोपी लावतो, छोट्या सिलिंडरमधून थोडा गॅस सोडतो आणि घंटा वाजते का बघतो. डब्यावरचा हिरवा दिवा बघून खूश होणारे लोक माझ्या डोक्यात जातात. दिवा म्हणजे वीज आली, एवढंच. नाक उघडं आहे की चोंदलंय, ते गॅस दिल्याशिवाय देवालाही कळत नाही.

गेल्या साली दसऱ्यानंतर, माझी पुढची तपासणी यायच्या आधीच, तिथे भुजंग गेला. वाटूरचा, कॉम्प्रेसर चालवणारा हसरा गडी. जेवून आला, दार उघडलं. वास आला असणार, पण तिथे थोडा वास रोजचाच, आणि घंटा तर गप्प. व्हॉल्व्ह आवळायला आत गेला तो परत आलाच नाही. डबा नंतर मीच उघडला. जाळीत हळदीकुंकवाचा लगदा वाळून दगड झाला होता. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा होते, बायका-मुलं येतात. कुणीतरी भक्तिभावाने याचंही तोंड माखलं होतं. मॅनेजर रामराव म्हणाले, कुणाचं बोट ते शोधू नका, यंत्रात बिघाड म्हणा. मलाही ते पटलं.

तेव्हापासून ती खोली बरी नाही. नवा ऑपरेटर रखमाजी आत जाण्याआधी रिकाम्या खोलीला विचारतो, "येऊ का?" आणि जरा थांबतो. आधी मी त्याला हसलो होतो. आता मीही थांबतो. दाराकडे पाठ केली की मागे कुणीतरी उभं आहे असं वाटतं आणि, खोटं कशाला बोलू, मला भीती वाटते.

भुजंगची बायको सगुणा तिथेच बियाणं निवडायला लागली. माझ्या प्रत्येक तपासणीला ती हातातलं काम टाकून दाराबाहेर येऊन उभी राहायची. घंटा वाजली की डोळे मिटायची. घंटेतून नवरा बोलतो असं तिने मला एकदा सांगितलं, आणखी थोडं वाजू द्या म्हणाली. मग मी थोडं जास्तच वाजवायचो. गॅस फुकट जायचा, जाऊ दे.

यंदा मी मुद्दाम खंडेनवमीलाच गेलो, डब्यावर पहारा द्यायला. यंत्रं धुऊन पुसून ठेवलेली, झेंडूच्या माळा घातलेल्या. तेवढ्यात सगुणा हळदीकुंकवाचं ताट घेऊन थेट डब्यापुढे आली. विधवेने ताट धरलं म्हणून दोघी-तिघी कुजबुजल्या. तिने लक्ष दिलं नाही. मी म्हणालो, सगुणाताई, इथे नको.

"नको कसं, भाऊ? गेल्या साली यालाच पहिलं लावल्तं म्या. हे माझी राखण करतंय, असं ते म्हणल्ते. मंग चांगलं बोट दाबून, तोंड भरून लावलं. तरी ऐन टायमाला वाजलं न्हाई. माझं काय कमी पडलं असंल?"

वर्षभर कुणी न शोधलेलं बोट कुंकवात बुडून माझ्यापुढे आलं होतं. मी खोटं बोलायलाही तयार होतो. पण ते बोट जाळीकडे निघालं आणि मी तिचं मनगट धरलं. पूजा करायची तर भिंतीची करा, म्हणालो, याच्या तोंडाला काही लावू नका.

ती माझ्याकडे बघत राहिली, मग जाळीकडे.

"तोंड बुजलं तर याला वास येत न्हाई?"

मी मान खाली घातली.

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिने ताट खाली ठेवलं, पदराने बोट पुसलं, स्वच्छ झालं तरी पुसत राहिली. मग म्हणाली, वाजवा.

मी टोपी लावून गॅस सोडला. घंटा वाजू लागली तशी ती दाराकडे धावली आणि माझ्याकडे पाठ करून, चौकटीला दोन्ही हात लावून उभी राहिली. समोरून रखमाजी नारळ घेऊन येत होता, तो जागीच थबकला. पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्या शेजारी, जिथे कुणीच नव्हतं, तिथे बघत होती.

"आत जाऊ नका," ती म्हणाली. "वाजून राह्यलंय, ऐका."

मी घंटा बंद केली तरी तिने हात खाली घेतले नाहीत.