सावनीची वीस मिनिटं

सरावासाठीच्या त्या रबरी बाळाच्या छातीत कुठंतरी एक ‘टक्’ होतं. दोन बोटं बरोबर मधोमध ठेवून बरोबर तेवढाच भार दिला की ते वाजायचं. भार कमी पडला तर नाही, बोटं जराशी खाली सरकली तरी नाही. रत्नमालाला गेले तीन महिने त्या आवाजाचं नवल वाटत आलं होतं. बाळाला डोळे नुसते रंगवलेले, पाठीवर शिवण, आणि तरी ते ‘टक्’ आलं की तिच्या अंगावरून बारीक काटा सरसरत जायचा, जणू आतल्या कुणीतरी ओ दिली... आज परीक्षा होती. बाळाचा श्वास थांबलाय असं धरून छाती तीस वेळा दाबायची होती. तीसही वेळा ते वाजलं. बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी मान न उचलता कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, “छान. आता निरीक्षण.”

औरंगपुऱ्यात एका स्टेशनरीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर हे प्रशिक्षण केंद्र होतं. खालून रिक्षांचे हॉर्न यायचे आणि वर भिंतीवर हत्ती, ससा, जिराफ. पहिल्या दिवशी जिना चढताना तिला हसूच आलं होतं. मंदारला मी सहा वर्षं सांभाळलं, गारखेड्याच्या त्या फ्लॅटमध्ये, तो तीन महिन्यांचा होता तेव्हापासून. त्याच्याआधी भाऊ कडेवर वाढवला, त्याच्याही आधी कोकरं — आणि आता मला मूल कसं सांभाळायचं ते शिकवणार? पण मंदारचे आईवडील पुण्याला गेले, जाताना एक साडी आणि एक पत्र देऊन, आणि वाळूजच्या कंपनीच्या पाळणाघरात त्या पत्राकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. “पत्र नको, प्रमाणपत्र आणा,” तिथली बाई म्हणाली होती. आता त्या जागेसाठी अर्ज द्यायची मुदत सोमवारी संपत होती.

हसू मात्र पहिल्याच आठवड्यात विरलं. शिकवणाऱ्या करुणा मॅडमनी विचारलं होतं, “रत्नमाला, तुमचा तो मंदार पहिला घास कोणत्या हातानं उचलायचा?” आणि तिला सांगता आलं नव्हतं. सहा वर्षं. दिवसातून चारदा. त्याचा वरणभाताचा वास तिला पाठ होता, त्याच्या झोपेचं वजन तिच्या खांद्याला माहीत होतं, आणि हात...? त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये ती प्रत्येक लेकराच्या हाताकडे बघत गेली. भिकन, तिचा नवरा, जेवायला बसला तर ती त्याच्याही हाताकडे बघत राहिली. “काय झालं गं?” तो म्हणाला. “काय नाय. जेवा तुमी,” ती म्हणाली. पण काहीतरी झालं होतं खरं. नेहमीच्या माणसांवरून कुणीतरी फडकं फिरवल्यासारखं, सगळेच जरा नवे दिसायला लागले होते.

निरीक्षणाचे नियम फळ्यावर होते. वीस मिनिटं एकच मूल. मध्ये बोलायचं नाही, मुलाला हात लावायचा नाही. घड्याळ बघून वेळ लिहायची आणि समोर जे दिसलं ते लिहायचं. ‘वाटलं’, ‘असेल’, ‘बहुधा’ हे तीन शब्द आले की गुण कापले जाणार. मुलाच्या नावाची चिठ्ठी उचलायची. रत्नमालाच्या चिठ्ठीवर ‘सावनी’ असं होतं, आणि शेजारच्या बाईनं ती वाचून भुवया वर केल्या. सावनी ही करुणा मॅडमची नात. अडीच वर्षांची. आईवडील दोघं नोकरीला, म्हणून आजीबरोबर रोज इथल्या खेळघरात येणारी.

सावनी दाराकडे पाठ करून चटईवर बसली होती. ठोकळ्यांवर ठोकळे. रत्नमाला तिच्या मागं, जरा एका बाजूला, भिंतीजवळच्या बुटक्या खुर्चीवर टेकली. गुडघे हनुवटीशी आले.

दहा पस्तीस. डाव्या हातानं ठोकळा उचलते. (डाव्या! तिला उगीचच आनंद झाला.) दहा सदतीस. चार ठोकळे रचले, पाचवा पडला, हसली. दहा एकोणचाळीस. खेळघरातल्या ताई दारातून “सावनी” म्हणाल्या. वळली नाही. लगेच पुन्हा म्हणाल्या. वळली नाही.

दहा बेचाळीस. ताई दारातून म्हणाल्या, “चला, खाऊ!” पाच मुलं उठून धावली. सावनी वळली नाही; समोरून जाणाऱ्या मुलांकडे बघितलं, मग उठली, मग धावली.

रत्नमालाची पेन्सिल थांबली. त्या दोन ‘मग’मध्ये काहीतरी होतं. कुत्र्यामागून कोकरू वळतं तसं... नाही, ‘तसं’ लिहायचं नाही. जे दिसलं तेच. पण ती आता पुढं वाकून बसली होती, तिला पुढचं बघायचंच होतं, अधाशासारखं. दहा सेहेचाळीस. स्टीलची ताटली फरशीवर पडली आणि सावनी दचकून वळली. म्हणजे ऐकू येतं की! रत्नमाला मागं टेकली, जरा सुटल्यासारखी, आणि जरा, लाज वाटावी अशी, हिरमुसलेली. दहा एकोणपन्नास. ताई पाठीमागून, हातभरावरून, हळू आवाजात, “सावनी, पाणी देऊ?” वळली नाही. ताई फिरून समोर आल्या. “पाणी देऊ?” सावनी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मान हलवली. हो.

तोंडाकडे. डोळ्यांकडे नाही.

आणि तिथं, त्या हत्ती-सशांच्या भिंतीशी, तिच्या पायांखाली अचानक लासूर स्टेशनच्या पलीकडचं माळरान आलं. ती नऊ वर्षांची, तिचा भाऊ कडुबा चारचा. मेंढ्या पांगलेल्या. ती ओरडते, “कडुबा, ए कडुबा!” आणि तो पाठमोरा, मातीत रेघा ओढत. मग ती पाय आपटते, धप्प, आणि तो वळतो, दात काढून हसतो. किती वर्षं तिला तो दोघांचा खेळ वाटत होता! कुत्र्याचे कान उभे राहिले की कडुबा उभा राहायचा, भुंकण्याच्याही आधी. बाप, खंडेराव, कौतुकानं म्हणायचा, पोराला जनावराचं कळतं. मोठ्यानं ढोल वाजला की धावायचा. म्हणून बहिरा कुणी म्हटलं नाही त्याला. शाळेत मात्र हजेरीला ओ द्यायचा नाही, म्हणून मार खायचा, आणि दोन वर्षांनी गुरुजींनी बापाला सांगितलं, याच्या डोक्यात काही शिरत नाही. बापानं त्याच दिवशी त्याच्या हातात काठी दिली. मोजकं बोलतो, तेही अर्धं. एकतीस वर्षांचा झाला... डोक्यानं कमी. असंच म्हणत आलो आम्ही. मीसुद्धा. मी तर लाडानं म्हणत आले.

“शेवटची पाच मिनिटं,” परीक्षक सर म्हणाले.

तिनं कागदाकडे बघितलं. हे जसंच्या तसं करुणा मॅडम वाचणार. त्यांची नात. बायकांत बोलताना मॅडम किती सहज म्हणायच्या, आमची सावनी बापासारखीच हट्टी, स्वतःच्या मनात असेल तेव्हाच येणार. आणि हा कागद त्यांच्या सहीशिवाय पुढं जाणार नव्हता, सोमवार पलीकडे उभा होता. रत्नमालानं तळाला लिहिलं, ‘सावनी खेळात रमली होती म्हणून तिने लक्ष दिले नाही.’ सुबक वाक्य होतं. कुणालाही आवडलं असतं. तिनं ते पुन्हा वाचलं. रमली होती — हे मी कुठं बघितलं? कोणत्या मिनिटाला? तिनं त्यावर एक आडवी रेघ मारली, खालचं दिसेल अशी, आणि त्याच्याखाली लिहिलं: ‘मागून चार वेळा बोलावले. चारही वेळा वळली नाही. समोरून एकदा विचारले. उत्तर दिले.’

करुणा मॅडम कागद गोळा करत आल्या. उभ्याउभ्याच वाचू लागल्या, चष्मा कपाळावरून खाली घेत. रत्नमाला त्यांच्या अंगठ्याकडे बघत होती. अंगठा कागदावरून ओळीओळीनं खाली सरकत होता, आणि एका ठिकाणी थांबला.

“चार वेळा?”

“व्हय मॅडम.”

“ताटलीला तर वळलीय की ती. तुम्हीच लिहिलंय.”

“ताटलीला वळली. ते बी लिहिलं.”

“मी हाक मारली की येते ती,” मॅडम म्हणाल्या. आवाज शिकवतानाचा नव्हता. “रोज येते. धावत येते.”

रत्नमालाला खाली बघायचं होतं, पण तिनं बघितलं नाही. “समोरून हाक मारता तुमी, मॅडम. हात पसरून.” मग स्वतःचंच ऐकून ती घाबरली. “पुसू का? खोडरबर हाय माझ्याकडं.”

मॅडमनी मान वळवली. पलीकडे सावनी पुन्हा चटईवर बसली होती, पाठमोरी, खाऊचा चिकट हात फ्रॉकला पुसत. मॅडम चार पावलं चालत तिच्या मागं गेल्या. उभ्या राहिल्या. त्यांनी श्वास घेतलेला रत्नमालाला दिसला, ओठ उघडलेले दिसले. आणि हाक आली नाही. ओठ तसेच राहिले. खाली रस्त्यावर कुणीतरी लांबलचक हॉर्न वाजवला. मग मॅडम हळूच खाली बसल्या आणि त्यांनी सावनीच्या खांद्यावर हात ठेवला. पोर वळली, आजीला बघून तोंडभर हसली, आणि तिनं डाव्या हातातला ठोकळा आजीच्या ओंजळीत ठेवला.

 उठल्यावर मॅडमनी कागद परीक्षकांच्या टेबलावर ठेवला आणि जाताजाता, रत्नमालाकडे न बघता, म्हणाल्या, “पुसू नका.” एवढंच. ते रागानं होतं की कशानं, हे तिला कळलं नाही. निकाल शनिवारी लागणार होता.

ती जिना उतरली आणि शेवटच्या पायरीवरच थांबली. औरंगपुरा भर दुपारचा उसळत होता: वह्यांचे गठ्ठे उतरवणारे हमाल, दुचाक्या, “बाजू हो, बाजू हो” म्हणणारा हातगाडीवाला. रोज ती या गर्दीतून डोकं खाली घालून जायची. आज तिनं फोन काढला. सोमवारचं, शनिवारचं काही मनात येईना. सुगंधाबाईंनी, तिच्या आईनं, दोन वेळा वाजल्यावर उचलला.

“माय, कडुबा कुठंय?”

“हितंच हाय. का गं? परीक्षा झाली का तुही?”

“झाली. काय करतोय तो?”

“काय करनार? बसलाय.”

“बसलाय म्हंजी कसा? तोंड कुनीकडंय?”

“आता हे काय इचारनं झालं?” आई हसली. मग तिकडून नुसता वारा ऐकू आला, लांबवर एक मेंढी. आई वळून बघत असणार. “उंबऱ्यावर बसलाय. माह्याकडं बघतोय.”

“तुह्याकडं, का तोंडाकडं?”

“...तोंडाकडं.” आईचा आवाज उतरला. “म्या बोलायली ना. म्या बोलायली की तसाच बघतो त्यो. नेहमीच.” आणि मग, जणू स्वतःलाच, “व्हय की गं.”

रत्नमालानं फोन कानाशी घट्ट धरला. तिला आता सगळं दिसत होतं, कडुबाचं ते स्थिर, जरासं पुढं आलेलं तोंड, आणि त्याच्यापुढं आम्ही सगळे, वर्षानुवर्षं, बिनधास्त बोलत असलेले. त्याला काय कळतंय, म्हणून. तिच्या हळदीच्या दिवशी तो तिच्या समोरच बसला होता, हळदीची ताटली मांडीवर धरून, तिच्याकडे टक लावून. आणि तिनं मावसबहिणीला म्हटलं होतं, हसत, अगदी हलक्या मनानं, “सुटले बाई ह्याच्यातून एकदाची.” थोड्या वेळानं ताटली खाली ठेवलेली होती आणि कडुबा मेंढ्यांकडे निघून गेला होता. पाठवणीला आला नाही. सगळे म्हणाले, त्याला काय कळतंय. ती अठरा वर्षांची होती. गाडीत ती आईसाठी रडली, बापासाठी रडली.

ते त्यानं ओठांवरून वाचलं असेल? असेल... हा शब्द तिथं वर चालत नाही. पण इथं पायरीवर तिच्याकडे दुसरा शब्द नव्हता. भीती होती, आणि भीतीच्या खालून वर येणारं असं काही होतं की ज्यानं तिचं काळीज जोरात चालू लागलं. तिकडे इतकी वर्षं एक माणूस बसून सगळं बघत होता. काय काय दिसलं असेल त्याला? आईबापाची भांडणं तो कशी वाचत असेल? मी माहेरी जाते, त्याच्या पाठीवर थाप मारते, चार शब्द बोलून आत जाते. दारातून आत जाणारी माझी पाठ त्यानं किती वेळा बघितली असेल? त्याच्या मनात मी कशी आहे? कोणती रत्ना आहे?

“ऐकतेस का?” आई म्हणत होती. “उठून आला बघ त्यो. फोनकडं बोट करायलाय. तुहाच हाय म्हनून वळखलं वाटतं. काय सांगू त्याला?”

“माय, त्याच्याकडं तोंड करून सांग,” रत्नमाला म्हणाली. “हळू सांग.”

“काय सांगू पन?”

हातगाडीवाला पुन्हा ओरडत जवळून गेला. ती पायरीवर बसली. जन्मापासून ओळखीच्या माणसाला काय म्हणायचं ते तिला सुचेना, आणि सुचत नाही याचंच तिला आतून अपार कुतूहल वाटत होतं. एकेक शब्द ती मनात उचलून बघू लागली, कानाला कसा लागतो ते सोडून, आईच्या सुरकुतलेल्या ओठांवर तो कसा दिसेल ते बघत.