उन्हाचा बर्फ

तेलाचं जहाज रखडलं की पॅसिफिक महासागरातल्या टोकेलाउमधल्या एका बेटाची वीज जायची आणि घरोघर समान वाटायला फ्रीजरमध्ये ठेवलेली मासळी नासायची. म्हणून सरपंच लेपेकाने पंचायतीतल्या म्हाताऱ्यांशी भांडभांड भांडून बेटाची स्वतःची सौरवीज उभी केली.

यंदा जहाज तीन आठवडे उशिरा आलं. कप्तान ताविताने भोंगा वाजवून कान किटवले, तरी किनाऱ्याकडे कुणी धावलं नाही.

"मेलात की काय सगळे?" होडीतून उतरत तो ओरडला. "तेलाची पिंपं कुठे उतरवू?"

"आपियाला. जिथून आणलीस तिथे," लेपेका म्हणाली.

"मग एवढे हेलकावे खात मी आलो कशाला?"

"आमच्या उन्हाचा बर्फ न्यायला. तुझ्या अंगाला नासक्या कोंबडीचा वास येतोय. जहाजावरचा फ्रीजर बंद पडलाय ना?"

ताविताने होडीतली रिकामी बादली उचलली.